डाग विचारायचा नाही

धुलाईच्या दुकानात कपडा आला की आधी टेबलावर पसरायचा, डाग शोधायचा, डागापाशी पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालायचा आणि मगच कपडा आत जायचा. ही रीत आजीने घातलेली. तिच्या वर आणखी एक रीत होती, आणि ती मोडणाऱ्यावर घरी बसायची पाळी यायची: डाग काढायचा, कशाचा ते विचारायचं नाही.

ही अक्कल फुकट आली नव्हती. दुकान नवं होतं तेव्हा आजीने एका बाईला तिच्या नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर दाखवून हसत विचारलं होतं, "काजळ तुमचंच ना हो?" ती बाई काजळ घालत नव्हती. पुढे त्या घरातून जे आवाज आले ते सगळ्या गल्लीने ऐकले, आणि महिनाभराने ती बाई एक पिशवी घेऊन कुठे निघून गेली ते कोणालाच कळलं नाही. तेव्हापासून या एका बाबतीत आजीने जिभेला गाठ मारली. बाकी सगळ्या बाबतीत ती जीभ कात्रीसारखी चालायची.

शाळा तिने दुसरीत सोडली होती, पण डाग वाचायला तिला कोणाची शिकवणी लागली नाही. चादर उलगडली की कोणाच्या घरात आजारपण आहे, कोण चोरून खातंय, कोणाचं मूल अजून गादी ओली करतंय, सगळं तिला कळायचं. "माणसं खोटं बोलतात, कपडे नाही बोलत," असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिची मान अशी ताठ व्हायची की जगातला पहिला डाग हिनेच शोधून काढला असावा.

तिची नात अकरा वर्षांची. तिला सगळे बटण म्हणायचे, कारण धुलाईत गळून पडलेली बटणं गोळा करून ती भोकांप्रमाणे आणि रंगांप्रमाणे बरण्यांत लावायची. कोणत्या तारखेला कोणत्या कपड्याचं कोणतं बटण पडलं, हेही तिला पाठ. पण समोरचं माणूस रागावलंय की थट्टा करतंय, ते मात्र तिला उमजायचं नाही. पाहुण्यांनी उठता उठता "बरं, आता तुम्हालाही कामं असतील" म्हटलं, तर ती सांगायची, "नाही, आज काहीच काम नाही." आईबाप दुसऱ्या शहरात, कारखान्यात पाळीवर. तिथल्या शाळेने वर्षभरातच हात टेकले, तेव्हा आजी स्वतः जाऊन पोरीला घेऊन आली होती.

या वर्षी मुलाचा फोन आला. अशा मुलांसाठी एक शाळा आहे, तिथेच राहायचं, शिकवणारी माणसं जाणकार आहेत, पुढच्या सत्रापासून एक जागा रिकामी होतेय.

"अशा म्हणजे कशा?" आजीने विचारलं.

"आई, तुला माहितेय."

"मला एवढंच माहितेय की माझी नात म्हणजे दोरी बांधून पाठवायचं गाठोडं नाही. हे सत्र संपेपर्यंत थांब. चार माणसांत उठायबसायला मी शिकवते तिला. नाही जमलं तर तू म्हणशील ते."

"शब्द दिलास?"

"मी एक गोष्ट दोनदा बोलते का कधी?"

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण बोलता बोलता पोरच पणाला लावली.

दवाखान्यात अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आजीला समजावून सांगितलं होतं, की मुलीचं डोकं कमी नाही, वेगळं चालतं. इतरांना जे आपोआप कळतं ते हिला उघड करून सांगावं लागेल. "पण आधी तिला तिच्या स्वतःच्या आतलं ओळखायला शिकवा, आजी. पोटात गोळा आला, छाती धडधडली, म्हणजे काय ते. नको वाटलं तर नको म्हणता आलं पाहिजे. लोकांचे चेहरे त्याच्यानंतर."

आजीने तिथे मान डोलावली आणि दुकानात येऊन इस्त्रीवालीला म्हणाली, "पोटात काय चाललंय ते विचारत बसले, तर जग थांबणार आहे हिच्यासाठी? जगाची तोंडं कळली की झालं."

शिकवणी व्हायची ती चादरींच्या घडीला. जवळच्या वसतिगृहातून धुवायला येणाऱ्या मोठ्या चादरींची एकटीला घडी होत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताण द्यायचा, मग चालत एकमेकींजवळ येऊन कोपरे जुळवायचे. दर वेळी जवळ आल्यावर आजी एक तोंड करायची आणि बटणने ते ओळखायचं. पोरीला डाग कळत होते, म्हणून आजीने तोंडांना डागांची नावं दिली. चहा म्हणजे साधा राग, लगेच धुतला तर जातो. गंज म्हणजे धरून ठेवलेला राग, तो कापड खातो. शाई म्हणजे लाज, बघता बघता पसरते. रक्त म्हणजे दुःख, त्याला गरम लावायचं नाही, गार हाताने घ्यायचं. आणि तेल म्हणजे खोटं हसू. धुतल्यावर गेलंसं वाटतं, इस्त्री फिरली की परत उमटतं.

"हे?"

"चहा."

"हे?"

"गंज."

"शाब्बास. आणि हे?"

"तेल. पण तुझा दात पडलाय तिथून जीभ बाहेर येतेय, म्हणून नीट दिसत नाही."

इस्त्रीवाली टेबलामागे खुसखुसायची. ती वीस वर्षं या दुकानात होती, आणि आजीला उलट बोलायची मुभा असलेली एकटी तीच.

तोंडं पाठ झाली, मग आजीने नियम दिले. कोणी हाक मारली की जायचं. चार जणी हसल्या की आपणही हसायचं, नाहीतर ही आपल्यातली नाही असं म्हणून बाजूला टाकतात. आणि रडकं तोंड घराबाहेर न्यायचं नाही. बटणला हसता येत नव्हतं असं नाही, पण तिचं हसू तिच्या वेळेला यायचं, लोकांच्या वेळेला नाही. म्हणून आजीने तिला हसूही शिकवलं: हा, हा, हा. तीन वेळा, मग तोंड मिटायचं. पोरीने ते असं घोटलं की दुकानात गिऱ्हाइकं हसली की बरणीमागून आवाज यायचा, हा, हा, हा.

"मावशी," इस्त्रीवाली एकदा म्हणाली, "पोर हसते, पण जरा उशिरा हसते. आधी सगळ्यांकडे बघते, मग हसते."

"उशिरा का होईना, हसते ना? तू तर स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हसली नाहीस."

"त्याला कारण होतं."

"ते कारण अजून घरी बसून जेवतंय, मला माहितेय. इस्त्री बघ, काठ जळेल."

अर्धं सत्र झालं आणि शाळेतून कागद आला. बटणनेच तो वाचून दाखवला. मुलींमध्ये मिसळते, खेळात सहभागी होते, हसतमुख असते. आजीने ती ओळ तीनदा वाचायला लावली. मग कागद काचेखाली टेबलावर ठेवला. जो कपडे घेऊन येईल त्याच्यासमोर ती काच पुसायची. कोणी विचारलंच, तर "अहो, तो कागद होय? नातीचा आहे, काही नाही," असं म्हणून वाचून होईपर्यंत पावती फाडायची नाही. मुलाला फोनवर तिने एकच वाक्य ऐकवलं: "तुझ्या त्या शाळेला सांग, जागा दुसऱ्या कोणाला दे म्हणावं."

त्याच दिवसांत बटणचा गणवेशही रोज धुलाईला येत होता. पाठीवर मधोमध शाई. आजीने ती काढली. पुढच्या आठवड्यात दोन्ही कोपरांना चिखल, सारखाच. काढला. एकदा गळ्यापाशी खडूची पांढरी पूड, शिवणीत बसलेली, जणू कोणी मुठीने आत ओतली होती. झटकली, धुतली. एकदा मागच्या बाजूला चिकटलेला डिंक, तो तिने नखाने खरवडला. बाहीच्या कडेला रक्ताचे चार थेंब आले, तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने गार पाण्याचा नळ सोडला. दर वेळी पांढऱ्या दोऱ्याचा टाका घातला, डाग गेल्यावर उसवला. तोंडाने एवढंच म्हणाली, "जरा जपून वापरत जा गं कपडे. तुझ्या बापानेही एवढे मळवले नव्हते."

"हो," बटण म्हणाली.

बाकी काही विचारायचं नसतं, हे त्या दुकानात दोघींनाही माहीत होतं.

त्या गुरुवारी वसतिगृहाच्या साठ चादरी घडीला होत्या. तिसऱ्या चादरीला बटणच्या डाव्या हातातला कोपरा सुटला.

"धर नीट."

पुन्हा सुटला. मग पुन्हा सुटला आणि अख्खी पांढरी चादर ओल्या फरशीवर पडली. ती आता परत धुवावी लागणार होती. आजीचं डोकं फिरलं. तिने पुढे होऊन पोरीचं मनगट पकडलं आणि हलवलं. "लक्ष कुठे आहे तुझं?"

बटणने आजीच्या तोंडाकडे पाहिलं. मग इस्त्रीवालीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हा, हा, हा."

इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. "मावशी, हात सोडा तिचा. बघा तरी हात."

आजीने बाही वर सारली. मनगट मक्याच्या कणसाएवढं सुजलं होतं, आणि कडेने ते शाईच्या रंगाचं झालं होतं. ही शाई नव्हती, हे ओळखायला आजीला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. बोट ठेवून दाबलं, तशी पोर त्यांच्याकडे बघून हसली, तीन वेळा. त्यांनी हात मागे घेतला आणि आजीकडे पाहिलं.

"आजी, हे आजचं नाही. दोन दिवस झालेत. एवढं दुखत असताना ही हसते का?"

आजीने पोरीची वर सारलेली बाही धरून ठेवली.

"कशी पडलीस बाळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडले नाही. दाराचा खेळ होता. दाराच्या फटीत हात ठेवायचा आणि मोजायचं. आधी काढेल ती हरली. मी नाही काढला."

"दार कोणी लावलं?"

"पाच जणींनी. मंगळवारी, मधल्या सुट्टीत."

"आणि तू ओरडली नाहीस?"

"सगळ्या हसत होत्या," बटण म्हणाली. "मग मी पण हसले."

प्लास्टर घालून घरी आणल्यावर आजीने तिला टेबलाजवळच्या स्टुलावर बसवलं. टेबलाच्या काचेखाली तो कागद होता. आजी त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. पन्नास वर्षं न विचारलेला प्रश्न तिने आज विचारला.

"पाठीवर शाई होती. ती कशाची?"

"पेनाची. त्यांनी पाठीवर लिहिलं होतं. काय ते मला दिसलं नाही. वर्गातल्या सगळ्या वाचून हसल्या. चार तारखेला."

"तू?"

"मी पण हसले."

"चिखल?"

"कुत्रा व्हायचं होतं. अकरा तारखेला. हाक आली की जायचं ना? मग मी गेले."

"खडू?"

"बाहुलीला पावडर लावायची होती. मी बाहुली होते. माझं नाव तिथे हसरी बाहुली आहे." ती थांबली. तिला वाटलं आजीला अजून माहिती हवी आहे. "डिंक सतरा तारखेचा. रक्त तेवीसचं, ते नाकातून आलं."

आजी खाली बसली. इस्त्रीवाली तोंडात पदर धरून मागे निघून गेली.

"तोंडं ओळखली नाहीस का गं?" आजीचा आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तेल नव्हतं का त्यांच्या हसण्यात? एवढं घोटून घेतलं तुझ्याकडून."

बटणने विचार केला. घाईने उत्तर द्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

"तेल नव्हतं," ती म्हणाली. "त्या खरंच हसत होत्या."

"पोटात काय होत होतं तुझ्या तेव्हा?"

"ते नियमात नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आजी शाळेत गेली. जाताना ती सगळ्या वाटेवर शब्द परजत होती. मुख्याध्यापिकांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाच मुलींना बोलावून विचारलं. पाचही जणी म्हणाल्या, ती स्वतःहून खेळायला यायची, हसायची. वर्गातल्या बाई म्हणाल्या, हसायची. शिपाईसुद्धा म्हणाला, हो, ती पोरगी हसत होती.

"आम्हाला कळणार कसं, सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "एकदाही रडली नाही. एकदाही नको म्हणाली नाही. आम्ही तुम्हाला कळवलंही होतं, हसतमुख आहे म्हणून. तुम्हाला घरी काही दिसलं नाही का?"

आजी पाण्याच्या पेल्याकडे बघत बसली. त्या पाच पोरींच्या नावाने तिने साठवलेलं सगळं विष तिच्याच तोंडात राहिलं. दिसलं होतं. एकेक दिसलं होतं, आणि तिने दोऱ्याने खूण करून धुवून टाकलं होतं.

मुलाला तिने फोनवर एवढंच सांगितलं, हाताला लागलंय, ये. तो रविवारी यायचा होता. शनिवारी इस्त्रीवाली हळूच म्हणाली, "मावशी, जिन्यावरून पडली म्हणून सांगा. पोरं पडतात. कागद तर तुमच्या बाजूने आहे. पुढच्या सत्रापासून शाळा बदला. त्याला कशाला कळायला पाहिजे?"

आजीने काचेखालचा कागद ओढून काढला, घडी केली, पुन्हा घडी केली, मावेना तोवर घडी केली.

"वीस वर्षं माझ्याकडे राहिलीस," ती म्हणाली, "आणि शेवटी मला डाग झाकायला शिकवतेस?"

"झाकतच आलोय की आपण."



मुलगा आला तेव्हा तिने त्याला मागच्या खोलीत, चादरींच्या ढिगाजवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. दार, कुत्रा, बाहुली. शाळेतले सगळे जण काय म्हणाले ते. नियम कोणी दिले तेही. रडली नाही, आडून बोलली नाही. हिशेबात काही लपवलं तर उद्या पोरच तारखेसकट सांगेल, हेही तिला ठाऊक होतं. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. त्याने ओरडावं असं तिला फार वाटत होतं, पण तो ओरडला नाही.

"ती जागा अजून आहे," शेवटी तो म्हणाला. मग बटणकडे वळला. ती स्टुलावर बसून प्लास्टरवरच्या जाळीची भोकं मोजत होती. "बटण, तूच सांग. इथे आजीकडे राहायचं, की तिकडच्या शाळेत जायचं? मी फोनवर फोटो दाखवले होते ना, त्या शाळेचे."

बटणने वर पाहिलं. आधी आजीच्या तोंडाकडे, मग बापाच्या, मग परत आजीच्या. तिची नजर अशी फिरत होती जशी आजीची कपड्यावर फिरायची. आजीला कळलं, पोर उत्तर शोधतेय. आणि आजीच्या तोंडावर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. राहा. म्हातारीला सोडून जाऊ नकोस. आता एक क्षण गेला की पोर ते वाचणार, नेहमीसारखी उशिरा, आणि म्हणणार, राहते.

आजीचे शब्द कधी कमी पडले नव्हते, पण इथे शब्दही नकोत, तोंडही नको. तिने ढिगातली वरची चादर ओढली.

"दोन कोपरे धर," ती मुलाला म्हणाली.

"आई, आत्ता?"

"धर म्हणते ना. इकडे, माझ्या बाजूला ये. वर घे. डोक्याच्या वर."

दोघांनी चादर उभी ताणली. अलीकडे दोघं, पलीकडे बटण. पांढऱ्या कापडातून नुसता खिडकीचा उजेड येत होता.

"बटण," आजी चादरीला म्हणाली. "इथे आता कोणाचं तोंड नाही. आमचं पण नाही. आता सांग. आणि पोटात काय होतंय ते बघून सांग. वेळ लागू दे."

वेळ लागला. मुलाचे हात खाली यायला लागले. आजीचे नाही, ओल्या चादरी वाहून तिचे हात लाकडाचे झाले होते. चादरीखालून बटणचे दोन पाय दिसत होते. उजवा पाय डाव्यावर चढला, उतरला.

"इथल्या शाळेचं नाव घेतलं की पोटात घट्ट होतं," पलीकडून आवाज आला. "तू चादर घडी करायला बोलावतेस तेव्हापण होतं. तोंडं चुकतील म्हणून."

आजीने कोपरे सोडले नाहीत.

"मला जायचंय," बटण म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिकडे हसावं लागतं का?"

"नाही," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "नाही लागत."

"मग जायचंय."

चादर खाली आली ती मुलाच्या बाजूने. आजीने आपली बाजू अजून धरून ठेवली होती, तोंडापुढे. बटण स्टुलावरून उतरली, चालत आली आणि चांगल्या हाताने कापड बाजूला सारून आजीच्या तोंडाकडे पाहू लागली. बराच वेळ पाहत राहिली.

"हे शिकवलं नव्हतंस," ती म्हणाली. "चहा नाही, गंज नाही. रक्तासारखं आहे, पण नीट तसं नाही. हे कशाचं आहे?"

त्या दुकानात हा प्रश्न विचारायचा नसतो. मागे इस्त्रीवाली होती तिथेच थांबली.

"तू जाणार म्हणून आहे," आजी म्हणाली. "आणि तू खरं सांगितलंस म्हणूनही आहे. दोन्ही एकाच जागी पडलेत."

"जाईल का?"

"नाही."

बटणने मान हलवली, जशी ती एखादं बटण कोणत्या बरणीचं ते कळल्यावर हलवायची. मग तिने बापाच्या बाजूचा एक कोपरा उजव्या हातात घेतला, दुसरा त्याच्या हाती दिला, आणि ती चादर तिघांनी मिळून घडी केली. जवळ आल्यावर कोणी कोणतंही तोंड केलं नाही.